हुआ हिनचं लग्न आणि 'गेस्ट मॅनेजमेंट'वाले : नवरीच्या मामीकडून तीन स्टार

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. ननंदेच्या व्याह्यांनी नेमलेली माणसं होती आणि आपल्याकडे रिव्ह्यू कुठून कुठे फॉरवर्ड होईल काही नेम नाही, एकाच लग्नात दोन घरं दुखवायची नाहीयेत मला. पण या वर्षी अजून दोघीजणी अशाच बाहेरच्या लग्नाला जाताहेत आणि दोघी मला रोज मेसेज करताहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तर, भाचीचं लग्न थायलंडला, हुआ हिनला, फेब्रुवारीत. मुलाकडचे पुण्याचे मारवाडी, आम्ही ठाण्याचे. तीन रात्री रिसॉर्ट, जेवणखाण आणि एअरपोर्टची बस त्यांच्याकडून, तिकीट ज्याचं त्याने काढायचं. बाकी १२० पाहुण्यांची सगळी व्यवस्था या कंपनीकडे. इथेच पहिली गोम आहे बघा, आपण पैसे दिलेले नसतात त्यामुळे कंपनीच्या लेखी आपण गिऱ्हाईक नाही, आणि घरचे म्हणावं तर घरच्यांना लग्नाच्या गडबडीत आपली बॅग हरवल्याचं सांगायची सोय नाही. मधल्या मधे लोंबकळत राहायचं.

पहिला मान पीडीएफचा. १४ पानी, गुलाबी, वर हत्ती. कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचे कपडे याला सहा पानं, आणि एन्ट्रीच्या कागदांना चार ओळी. त्या चार ओळींतही एक ओळ होती की 'थायलंड एन्ट्री फॉर्म सर्व्हिस, माणशी ७०० रुपये'. अहो, तो फॉर्म फुकट आहे! टीडीएसी म्हणतात, १ मे २०२५ पासून आधीच्या कागदी कार्डाऐवजी हा ऑनलाइन भरावा लागतो, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, त्यांच्या इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर, दहा मिनिटांचं काम. गुगल केलं की वर पैसे मागणाऱ्या चार नकली साइट येतात तेवढ्या टाळायच्या. मी आमच्या बाजूच्या २२ जणांचे फॉर्म हॉलमध्ये बसून भरले, चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. नागपूरच्या काकूंनी मात्र आधीच ७०० भरले होते आणि त्यांच्या फॉर्मात नावाचं स्पेलिंग पासपोर्टापेक्षा वेगळं निघालं, ते पण मीच परत भरलं. व्हिसाचं म्हणाल तर जुलै २०२४ मध्ये थायलंडने भारतीयांना ६० दिवसांपर्यंत बिनव्हिसा राहायची सूट दिली होती, आम्ही त्यावरच गेलो, पण हे नियम बदलत राहतात, तिकीट काढायच्या दिवशी एम्बसीच्या साइटवर स्वतः बघा, पीडीएफवर जाऊ नका. आणि पासपोर्टाला सहा महिने शिल्लक आहेत ना ते आत्ता उठून बघा, आमच्यातला एक चुलत दीर याच कारणाने राहिला आणि लग्न व्हिडिओ कॉलवर बघितलं बिचाऱ्याने.

आता बस. या कंपनीचे दोन स्टार मी कापलेत ते निव्वळ बसपायी.

बँकॉकला दोन एअरपोर्ट आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. दोन्ही शहराच्या वेगवेगळ्या टोकांना. पीडीएफमध्ये नुसतं 'बँकॉक एअरपोर्ट' लिहिलेलं, त्यामुळे स्वस्तातलं तिकीट बघून सात जण डॉन मुआंगला उतरले आणि बस उभी सुवर्णभूमीला. मग त्यांना टॅक्सीने आणेपर्यंत आम्ही बाकीचे ३८ जण पार्किंगमध्ये, पहाटेची फ्लाइट करून आलेलो, सासूबाईंचे पाय सुजलेले. दोन तास चाळीस मिनिटं, मी मोजलीत. कंपनीच्या मुलाचं आपलं एकच पालुपद, 'फाइव्ह मिनिट्स मॅम'. तिथून हुआ हिन दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे तीन-साडेतीन तास, आणि वाटेत रामा टू नावाचा हायवे लागतो ज्याचं काम इतकी वर्षं चालू आहे की थाय लोक त्याला सात पिढ्यांचा रस्ता म्हणतात. ड्रायव्हरने हे सांगितल्यावर आमच्या बसमध्ये जो हशा पिकला तो मुंबई-गोवा हायवेवाल्यांनाच कळेल. गंमत म्हणजे हुआ हिनला थायलंडच्या राजाचा समुद्रकाठचा राजवाडा आहे, सातव्या रामाने (तिथल्या राजांना राम म्हणतात) बांधलेला, क्लाय कांगवॉन, त्याचा अर्थ 'काळजीपासून दूर'. आम्ही पोचलो तेव्हा हळदीची वेळ टळून गेली होती आणि हळद लावायची सामानाची पेटी आमच्याच बसमध्ये.

त्यामुळे माझा सल्ला, यजमानांची बस असली तरी स्वतःची सोय माहीत असू द्या. सुवर्णभूमीवरूनच हुआ हिनची थेट बस सुटते, तीनशे-साडेतीनशे बाटच्या आसपास तिकीट, सीट रुंद, एसी एवढा की शाल लागते. चौघं असाल तर टॅक्सी. वेळ असेल तर बँकॉकहून ट्रेन, आणि हुआ हिनचं जुनं लाल-पांढरं लाकडी स्टेशन तर बघाच, आता गाड्या बाजूच्या नव्या उंच स्टेशनवरून सुटतात पण जुनं तसंच जपून ठेवलंय. आम्ही गेलो तेव्हा बरोबर संध्याकाळचे सहा झाले आणि राष्ट्रगीत लागलं, रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला लागतं, सगळं स्टेशन जागच्या जागी उभं. आमची कार्टी रील काढत होती, तिला कोपर मारून उभं केलं. राजाबद्दल तर गमतीतही काही बोलू नका तिथे, कायदा कडक आहे, बसमध्ये आमच्या एका मेहुण्यांना गप्प करावं लागलं.

सामानाचं बोलते, कारण यात कंपनी शून्य आणि मामी शंभर. मामाकडचं सगळं आमच्याकडे, म्हणजे अंतरपाट, मुंडावळ्या, रुखवताचं थोडं, ओटीचं सामान. मुंबईला चेक-इनला सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढायला लावल्या. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालतच नाही, तेल असतं त्यात, पेट घेऊ शकतं म्हणून. कापूर आणि काडेपेटी पण गेली. मला आधी माहीत असतं तर रुखवतात काजूची वाटी ठेवली असती. खोबरं शेवटी सोडायला आलेल्या भावाच्या हातात दिलं, घरी त्याची चटणी झाली. बरं, कलशावरचा नारळ कंपनी तिथे आणणार होती, नारळाच्या देशात काय अवघड, तर त्यांनी आणली सुबक तासलेली हिरवी शहाळी, स्ट्रॉसकट! गुरुजी दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग रिसॉर्टच्या किचनमधून करीसाठी ठेवलेला सोललेला नारळ आला, शेंडी नव्हती, पण भागलं.

दागिन्यांचं नीट ऐका. खरं सोनं अंगावर घालून जाणार असाल तर जातानाच मुंबईला कस्टम्सच्या काउंटरवरून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, बिलं किंवा व्हॅल्युएशन आणि फोटो लागतात, तासभर जास्त धरून निघा. नाहीतर परत येताना ते आपलंच आहे, तिकडे घेतलेलं नाही, हे सिद्ध करत बसावं लागतं. मी ठुशी आणि नथ तेवढी खरी नेली, बाकी सगळं एक ग्रॅमवालं, आणि खरं सांगू, फोटोत कुणाला काही कळलं नाही. पैठणी समुद्राच्या दमट हवेत दहा मिनिटांत चिकटते, वाळूत काठ खराब होतो, मुहूर्तापुरती नेसा आणि बदला. रिसॉर्टमध्ये एका साडीला इस्त्री म्हणजे आपल्याकडे महिन्याच्या इस्त्रीचं बिल.

पैसे. एटीएममधून परदेशी कार्डाने काढले की दर वेळी २२० बाट किंवा जास्त फक्त फी जाते, म्हणून सारखे थोडेथोडे काढू नका. सुवर्णभूमीला अरायव्हल हॉलमधल्या पहिल्या काउंटरवर पैसे बदलू नका, खाली तळघरात रेल्वेच्या बाजूला सुपररिच नावाचं पैसे बदलायचं काउंटर आणि तसेच दोन-तीन आहेत, तिथे रेट चांगला. रिसॉर्ट चेक-इनला कार्डावर डिपॉझिट अडकवतं, डेबिट कार्ड दिलंत तर ते पैसे सुटायला दिवस लागतात. प्लगचं पण, आपली बारीक दोन पिनची चार्जर तिथे चालतात, जाड तीन पिनची नाही.

जेवणाला पूर्ण मार्क. अर्धे पाहुणे कांदा-लसूण न खाणारे, त्यांचे महाराज वेगळे, आम्हाला गट्टे की सब्जी आणि एका रात्री खास वरणभात-तूप-लिंबू, तो बघून आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. बाहेर मात्र शाकाहाऱ्यांनी जपून. भाजीतही माशाचा सॉस असतो आणि विचारलं तर 'नो मीट' म्हणतात, खोटं नाही बोलत, त्यांच्या हिशेबात सॉस म्हणजे मांस नाही. 'माय साय नाम प्ला' एवढं पाठ करा, म्हणजे फिश सॉस घालू नका. आणि पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात १७ सारखं काहीतरी दिसलं की तिथे बिनधास्त जा, ते 'जे' आहे, म्हणजे पूर्ण शाकाहारी, लसूणसुद्धा नाही. नागपूरच्या काकू तीन दिवस '१७ कुठाय' विचारत फिरल्या.

काकूंवरून आठवलं, घड्याळ. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे. फोन आपोआप बदलतो, मनगटी घड्याळ नाही. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून १२ मिनिटांचा, गुरुजींनी तिथल्या स्थळाचं गणित करून काढलेला, आणि काकू स्वतःच्या घड्याळाने साडेअकराला निवांत पावडर लावत बसलेल्या तर तिकडे अक्षता पडून पंक्ती बसल्या होत्या. कंपनीने प्रत्येक रूममध्ये इनो, ओआरएस, आवळा सुपारीची पिशवी ठेवली होती, त्यात 'घड्याळ पुढे करा' अशी एक चिठ्ठी टाकली असती तर काय बिघडलं असतं?

चांगलं काय ते पण लिहायला हवं. डेस्कवरची एक थाय मुलगी, तिला तीन दिवसांत 'आजी' हा शब्द आला, सासूबाईंना व्हीलचेअर, गरम पाणी, सावलीतली खुर्ची, न मागता. लग्नाच्या आदल्या रात्री सासूबाईंना दम लागला तर तीच गाडीत बसून हॉस्पिटलला आली. बिल आधी आपणच भरायचं होतं, इन्शुरन्सचा क्लेम नंतर. इन्शुरन्स काढताना जुना दमा लिहिला होता म्हणून पैसे मिळाले, तो लपवून पाचशे रुपये वाचवणारे आमच्याच घरात होते, नाव घेत नाही. औषधं ओरिजिनल पाकिटात आणि प्रिस्क्रिप्शनसकट न्या.

शेवटच्या दिवशी चेकआउट बाराला आणि फ्लाइट रात्री अकराची, त्यामधल्या वेळाचा कंपनीने काही विचारच केलेला नव्हता. १२० माणसं आणि त्यांच्या बॅगा लॉबीत, रेल्वे प्लॅटफॉर्मसारखं. आम्ही चौघांनी मिळून एक रूम संध्याकाळपर्यंत पैसे भरून ठेवली, आळीपाळीने आंघोळी केल्या, ही युक्ती सगळ्यांनी करावी.

बस यावेळी वेळेवर आली, मान्य आहे. चढताना व्याहीणबाई हात जोडून उभ्या, डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला. म्हणाल्या, मामी, काही कमी-जास्त झालं असेल तर सांगा हं. मी म्हटलं, छे हो, एकदम मस्त झालं सगळं.