पिकअपवरची सोलर-बॅटरी सिस्टिम : काही महिन्यांच्या वापरानंतर

सेटअप असा: टपावर १०० वॅटची दोन पॅनेल सिरीजमध्ये, हौद्यात १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, २० अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा चार्ज कंट्रोलर), ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडी चालू असताना इंजिनच्या अल्टरनेटरची वीज या बॅटरीला देणारा) आणि १००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर (बॅटरीच्या विजेपासून घरच्यासारखी एसी वीज देणारा). लोड म्हणजे कॉम्प्रेसरचा फ्रिज, एलईडी दिवे, लॅपटॉप आणि फोन.

सपाट बसवलेल्या २०० वॅटमधून चांगल्या उन्हाच्या दिवशी ६०० ते ८०० वॅट-अवर मिळतात. फ्रिजला दिवसाला ४०० च्या आसपास लागतात, त्यामुळे कडक उन्हात निभतं. सलग ढगाळ दिवस आले की तूट वाढत जाते, आणि तिथे डीसी-डीसी चार्जर कामाला येतो. ३० अँपिअर म्हणजे सुमारे ४०० वॅट. दोन तास गाडी चालली की दिवसभराच्या उन्हाइतकी भर पडते. तिसरं पॅनेल की डीसी-डीसी असा प्रश्न असेल, तर आधी डीसी-डीसीच घ्या. नुसती रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडू नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा करंट ओढते, आणि इंजिन आयडलवर असताना हवा कमी लागून अल्टरनेटर तापतो.

पॅनेल सिरीजमध्ये जोडण्याला कारण आहे. तापलेल्या एका पॅनेलचा कामाचा व्होल्टेज १६ च्या आसपास उतरतो. बॅटरी १४ वर असेल, तर एमपीपीटीला खेळायला जागाच उरत नाही. पॅनेलखाली दोन-तीन सेंटिमीटर फट ठेवली की हवा फिरते. टपाला चिकटवलेली लवचिक पॅनेल जास्त तापतात, म्हणून ती टाळलेली बरी.

सगळ्यात जास्त लक्ष वायरिंगला द्यावं लागतं. इंजिनपासून हौद्यापर्यंत ५ मीटर, जाऊन-येऊन १० मीटर. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये ३० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट पडतो. १६ चौरस मिलिमीटरमध्ये ०.३३. डीसी-डीसी वारंवार बंद-चालू होत असेल, तर चार्जरला दोष देण्याआधी चालू लोडवर त्याच्या इनपुट टर्मिनलचा व्होल्टेज मोजा. या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, कारण एकीकडे गाडीची आणि दुसरीकडे हौद्यातली बॅटरी आहे. लिथियम बॅटरीवरचा मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनललगतच बसवा आणि तो हजारो अँपिअरचा शॉर्ट तोडू शकणारा असू द्या, उदाहरणार्थ क्लास टी प्रकारचा. लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा. हातोडीने चेपलेला लग गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो, मग तापतो. चासीला अर्थ घेताना रंग खरवडून धातू उघडा करा. पहिल्या काही आठवड्यांनी सगळे नट पुन्हा आवळावेत. त्यात एखाददुसरा सैल निघतोच.

चार्ज किती उरला हे व्होल्टमीटरवरून कळत नाही. एलएफपीचा व्होल्टेज बराच वेळ १३.१ ते १३.३ मध्येच रेंगाळतो. शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजून मीटरला देणारा भाग) लावा आणि प्रत्येक लोडची निगेटिव्ह वायर शंटच्या लोडकडच्या बाजूलाच घ्या. एक जरी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर गेली, तर ते अँपिअर मोजले जात नाहीत आणि मीटर ८० टक्के दाखवत असतानाच बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) कट मारते. अधूनमधून बॅटरी १४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरू दिली की मीटरचा हिशेबही जुळतो.

इन्व्हर्टर गरज नसताना बंदच ठेवा. रिकामा चालू राहिला आणि १० वॅट खात असला, तरी दिवसाचे २४० वॅट-अवर गेले, म्हणजे फ्रिजच्या निम्म्याहून जास्त. लॅपटॉप १२ व्होल्टच्या यूएसबी-सी चार्जरवर घेतला की इन्व्हर्टर क्वचितच लागतो.

जोडताना एमपीपीटीला आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलटं. पारा शून्याखाली जाणाऱ्या ठिकाणी लो-टेम्परेचर कटऑफ (थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी सोय) असलेलीच बॅटरी घ्या, कारण तेवढ्या थंडीत चार्ज केल्याने सेल कायमचे खराब होतात.