हाफा की बँकेचा स्वतःचा शॉर्ट सेल?

हप्ता झेपत नाही, घराची किंमत कर्जाच्या खाली गेली आहे, कर्जाच्या अटी सौम्य करून घेण्याचा (मॉडिफिकेशनचा) अर्ज नाकारला गेला आहे आणि आता घर सोडायचंच हे घरात सगळ्यांनी मान्य केलं आहे. इथवर आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. 2013 मध्ये अमेरिकेत पुढे मुख्यतः दोन रस्ते दिसत होते: बँकेचा स्वतःचा शॉर्ट सेल, म्हणजे बँकेच्या संमतीने घर कर्जापेक्षा कमी किमतीला विकणं, आणि ओबामा सरकारच्या ‘मेकिंग होम अफोर्डेबल’ कार्यक्रमातली अशाच विक्रीची हाफा योजना. न्यू जर्सीतल्या आमच्या घरासाठी आम्ही पहिल्या रस्त्याने निघालो आणि दुसऱ्याने बाहेर पडलो. या योजनेचे नियम सारखे बदलत, म्हणून सांगतो की हा हिशोब जुलै 2013 चा आहे; 2016 च्या अखेरीस योजना बंद झाली.

आधी आपलं कर्ज नेमकं कुणाकडे आहे ते बघा. दर महिन्याला चेक जिला जातो ती कंपनी बहुतेक वेळा फक्त वसुली करते. कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या, बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांकडे असेल तर हाफाचा प्रश्नच उरत नव्हता. त्यांनी नोव्हेंबर 2012 पासून आपला वेगळा शॉर्ट सेल सुरू केला होता. दोघांच्याही वेबसाइटवर पत्ता टाकला की लगेच कळतं. एफएचएच्या (सरकारी विमा असलेल्या) कर्जासाठी हड या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची निराळी योजना आहे. यांपैकी काहीच नसेल आणि कर्ज 2009 च्या आधीचं असेल, तर पुढचं वाचा.

रोख रकमेत बँक सरळ पुढे होती. हाफात घर सोडताना स्थलांतरासाठी 3,000 डॉलर मिळत होते. उलट काही मोठ्या बँका तेव्हा निवडक कर्जदारांना स्वतःहून पत्र पाठवून 20-30 हजारांपर्यंत देऊ करत होत्या. असं पत्र आलं असेल तर ते बाजूला टाकू नका, नीट वाचा. मात्र ते आपण मागितलं म्हणून मिळत नव्हतं. आम्हाला आलं नव्हतं.

आता ज्या गोष्टीने आमचा निर्णय झाला ती. बँकेच्या रस्त्यात घर किती किमतीला विकलेलं चालेल हे आधी कुणी सांगत नाही. रिअल्टरने (घराच्या दलालाने) अंदाजाने किंमत लावायची, गिऱ्हाईक आणायचं, त्याची ऑफर बँकेला पाठवायची आणि मग वाट बघत बसायचं. आमची फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिली. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. तोवर पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट जुनी झालेली असत, की पुन्हा तेच कागद फॅक्स करा. आमचं गिऱ्हाईक चांगलं होतं, लहान मुलं असलेलं जोडपं. शाळा सुरू व्हायच्या आत त्यांना घर हवं होतं. त्यांनी वाट पाहिली, मग दुसरीकडे घर घेतलं. त्यानंतर बँकेचं उत्तर आलं की ही किंमत कमी आहे. हाच आकडा आधी सांगितला असता तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता.

हाफात हा क्रम उलटा होता. घर बाजारात आणण्याआधीच अटी लेखी मिळत: किमान किती रक्कम बँकेच्या हाती यायला हवी, विकायला मुदत किती. साधारण 120 दिवस मिळत आणि तेवढ्या काळात फोरक्लोजरचा, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी घराच्या जप्तीचा, लिलाव पुरा करता येत नसे. अटींत बसणारी ऑफर आली की बँकेला दहा कामकाजी दिवसांत हो किंवा नाही सांगावं लागे. आमच्या बाबतीत सुरुवातीची मंजुरी मिळायलाच बराच वेळ गेला, आणि आमच्या रिअल्टरलाही जास्तीची कागदपत्रं आवडली नव्हती. पण एकदा आकडा हातात आल्यावर रात्रीची झोप परत आली. तुमची बँक कदाचित जास्त तत्पर असेल. मी माझ्या अनुभवापुरतं बोलतो आहे.

दुसरा फरक मला त्याहून मोठा वाटतो. विक्रीनंतर उरलेलं कर्ज हाफात पूर्ण माफ होत असे. रोख भरा किंवा नवी प्रॉमिसरी नोट (पैसे फेडण्याचं लेखी वचन) लिहून द्या असं बँक म्हणू शकत नसे. बँकेच्या स्वतःच्या मंजुरीपत्रात मात्र कधी कधी घरावरचा बोजा तेवढा उतरवलेला असतो आणि उरलेली रक्कम वसूल करण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो. कॅलिफोर्नियात 2011 च्या कायद्याने याला मनाई आहे. न्यू जर्सीत तसं संरक्षण नाही, म्हणून सही करण्याआधी ते पत्र वकिलाला दाखवाच. घरावर दुसरं कर्ज असेल तर हाफात त्या बँकेला विक्रीतून 8,500 डॉलरपर्यंत देता येत, आणि ते घेतले की तिलाही तुमच्या मागे लागता येत नसे. यालाही त्या बँकेचा होकार लागेच.

डीड, म्हणजे घराची मालकी, बँकेच्या नावे करून मोकळं होण्याचाही पर्याय आहे. व्हिसा संपत आल्यामुळे पुण्याला परतणाऱ्या एका मित्राला तो सोयीचा वाटत होता, पण दुसरं कर्ज असेल तर तो सहसा अडतो. भारतात जायचंच असेल तरी पॉवर ऑफ अॅटर्नी देऊन शॉर्ट सेल पुरा होतो. सही-शिक्क्यासाठी मुंबईत अमेरिकन कॉन्सुलेट आहे.

या कामासाठी कुणालाही आगाऊ फी देऊ नका. हडने मान्यता दिलेले सल्लागार फोरक्लोजर टाळण्याचा सल्ला फुकट देतात.

तारखांचं एक सांगतो. जुलै 2013 मध्ये हाफाची मुदत नुकतीच 2015 अखेरपर्यंत वाढली होती, म्हणून सावकाश अर्ज करू असं वाटलं असतं. पण माफ झालेलं कर्ज उत्पन्न धरून त्यावर कर लागतो, आणि राहत्या घराच्या कर्जाला त्यातून असलेली सूट तेव्हा तरी फक्त 31 डिसेंबर 2013 पर्यंत होती. सूट नसेल तर तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त होती हे कर खात्याच्या फॉर्म 982 वर दाखवावं लागतं. क्लोजिंग, म्हणजे विक्रीचा अंतिम व्यवहार, त्या डिसेंबरच्या आत हवं असेल तर अर्ज जुलैमध्येच जायला हवा होता.