लिनक्स बाँडिंग: लाइन गेल्यावर नाही, आल्यावर घोळ

नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर मी सांभाळते. सांभाळते म्हणजे आठवड्यातून दोनदा जाते आणि बाकीचे दिवस फोन उचलते. डेबियन लिनक्स टाकलेलं जुनं मशीन, मागे नेटवर्कचे दोन पोर्ट, त्यातला एकच इतकी वर्षं वापरात होता. मार्चमध्ये, खिडकीला कूलर लागले त्याच आठवड्यात, मॅडम म्हणाल्या, "लाइन गेली की काउंटर बंद पडतं, यंदा त्याचं काहीतरी कर." (लाइन म्हणजे वीज.) म्हणून दुसरा पोर्टही जोडला आणि लिनक्सचं बाँडिंग लावलं, म्हणजे दोन पोर्ट मिळून एकासारखे वापरायची सोय. अख्खा उन्हाळा काढल्यावर हे लिहिते आहे.

आधी मांडणी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागच्या खोलीत मोठा गिगाबिट स्विच, म्हणजे नेटवर्कच्या केबली जिथे एकत्र येतात तो डबा. त्यावर राउटर, वरचा मजला आणि बॅकअपचा डबा. रिसेप्शनला जुना छोटा स्विच, १०० मेगाबिटचा. त्यावर काउंटरचे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि तपासणीची मशीनं. दोन्ही स्विच एका केबलने जोडलेले. सर्व्हर आणि छोटा स्विच इन्व्हर्टरवर आहेत, मोठा नाही. (का नाही, ते मला विचारू नका, इलेक्ट्रिशियनला विचारा.) सर्व्हरचा पहिला पोर्ट मोठ्या स्विचला, दुसरा छोट्याला.

बाँडिंगमध्ये दोन्ही पोर्ट मिळून एकच आयपी आणि एकच मॅक (म्हणजे हार्डवेअरचा) पत्ता. 'अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप' मोड निवडला की एका वेळी एकच पोर्ट बोलतो, दुसरा गप्प बसून राहतो. 'प्रायमरी' म्हणून ज्याचं नाव लिहाल तो लाडका. लाडका पडला की दुसरा पुढे येतो आणि आपण पुढे आल्याची दवंडी एआरपीने (कोणता आयपी कोणत्या मॅकवर आहे ते सांगणारे निरोप) नेटवर्कभर पिटतो, त्यामुळे स्विचना नवा रस्ता लगेच कळतो. स्विचमध्ये काहीही सेटिंग करावं लागत नाही. सगळं कर्नलसोबतच (लिनक्सच्या गाभ्यासोबतच) येतं, पैसे शून्य. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

पहिल्या दिवशी मात्र मी केबल उपसली आणि सगळं ठप्प. चूक माझी. 'एमआयआयमॉन' लिहायचं राहिलं होतं. केबल जिवंत आहे की नाही हे किती मिलिसेकंदांनी बघायचं तो हा आकडा, आणि जुन्या कर्नलमध्ये तो न लिहिला तर शून्य धरला जातो, म्हणजे बघायचंच नाही. फेलओव्हरसाठी (एक पडला की दुसऱ्याने पुढे येण्यासाठी) घेतलेल्या वस्तूत तपासणीच मुळात बंद असावी, हे मला अजून पटलेलं नाही. १०० लिहिलं. परत केबल उपसली, काउंटरवर कोणाला पत्ताही लागला नाही.

मग आला मे. दुपारी वावटळ सुटली की लाइनीचा लपंडाव सुरू. लाइन गेली की मोठा स्विच बंद, सर्व्हर छोट्यावर, काउंटर सुरू. अगदी ठरल्याप्रमाणे. काउंटरवरून मला फोन यायचा तो लाइन आल्यावर! "ताई, लाइन तर आली, पण मशीन रिपोर्ट पाठवून नाही राहिली ना!" मी म्हणायची, भाऊ, मिनिटभर थांबा. मिनिटाने सुरू व्हायचंही, पण तोवर एंट्रीचा स्क्रीन लटकलेला असायचा, परत लॉगिन करा, अर्धवट राहिलेल्या पेशंटचं नाव परत टाका. अर्ध्या मिनिटाचा खोळंबा काउंटरला पाच मिनिटांना पडायचा. दिवसातून तीनदा लाइन आली तर तीनदा.

कारण सापडायला दोन दुपारी गेल्या. लाइन आली की मोठ्या स्विचचे दिवे लगेच लागतात. सर्व्हरला वाटतं लाडका परत आला, आणि तो धावत त्याच्याकडे जातो. पण स्विच अजून डोळे चोळतो आहे. त्यावर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री चालू आहे, म्हणजे केबलींचा गोल फेरा होऊ नये म्हणून स्विच घेतो ती खबरदारी. त्यात पोर्ट १५ सेकंद नुसतं ऐकतो, पुढचे १५ सेकंद शिकतो, आणि मग कुठे डेटा सोडतो. म्हणजे चालता रस्ता सोडून आपण बंद दारासमोर उभे. बाँडिंगला केबलमधला जीव दिसतो, पलीकडे कोणी ऐकतं आहे का ते दिसत नाही.

पहिला उपाय केला 'प्रायमरी रीसिलेक्ट'. ते मुळात 'ऑलवेज' असतं, लाडका आला की लगेच परत. मी 'फेल्युअर' केलं, म्हणजे चालू पोर्ट पडेपर्यंत हलायचं नाही. काउंटरची तक्रार त्याच दिवशी संपली. मी खूश. आठवड्याने बघते तर रात्रीचा ६० जीबीचा बॅकअप दीड तास चालतो आहे, कारण सर्व्हर सगळे दिवस १०० मेगाबिटवरच बसून होता आणि हे सांगणारं कोणी नाही. 'बेटर' नावाचा मधला पर्याय आहे, पण तो वेग बघून ठरवतो. आमच्याकडे लाडकाच वेगवान, म्हणजे पुन्हा तीच धावपळ.

खरा उपाय निघाला 'अपडिले'. दिवा लागल्यावरही किती मिलिसेकंद वाट बघायची ते यात लिहायचं. मी ६०००० (म्हणजे एक मिनिट) लिहिलं आणि रीसिलेक्ट परत 'ऑलवेज' केलं. एक चांगली गोष्ट कर्नलच्या कागदपत्रांत वाचली: दोन्ही पोर्ट पडलेले असतील तर हे थांबणं बाजूला ठेवून जो आधी उठेल तो लगेच वापरतात. ज्याने हे लिहिलं त्याच्याकडेही लाइन जात असणार.

एआरपीने तपासायचीही सोय आहे, म्हणजे समोरच्या एखाद्या पत्त्याला दर थोड्या वेळाने विचारत राहायचं. त्यात नुसत्या दिव्यावर भागत नाही. पण विचारायचं कोणाला? राउटर लाइनीसोबत जातो, काउंटरचे कॉम्प्युटर रात्री बंद होतात. कोणीच उत्तर दिलं नाही तर दोन्ही पोर्ट मेले असं धरलं जाईल. आमच्याकडे हे जमलं नाही. चोवीस तास जागं असणारं काही तुमच्याकडे असेल तर आधी हेच बघा. आधीच्या नोकरीत सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आयपीएमपी नावाची अशीच सोय होती, ती स्वतः पिंग करून बघायची आणि परतायचं की नाही हे फाइलीत एका 'यस' किंवा 'नो'ने ठरायचं. तिची आठवण येते, पण सोलारिसची बाकी काही येत नाही.

पाचपैकी चार. एक तारा कापला तो 'एमआयआयमॉन'च्या त्या शून्यासाठी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी चारदा लाइन गेली. प्रॉकमधल्या (कर्नल आपली ताजी स्थिती दाखवतो तिथल्या) बाँडिंगच्या फाइलीत पहिल्या पोर्टचा 'लिंक फेल्युअर काउंट', म्हणजे तो किती वेळा पडला तो आकडा, चारने वाढला होता. फोन एकही नाही. संध्याकाळी मीच केला, तर भाऊ म्हणाले, "सगळं ठीक आहे ताई. तो इलेक्ट्रिशियन आजही नाही आला."