बारा फ्लॅटचं अपार्टमेंट की क्लबहाऊसवाली स्कीम? कोल्हापुरात घर घेण्याआधी

कोल्हापुरात फ्लॅट बघायला निघालं की महिन्याभरात यादी आपोआप छोटी होते आणि शेवटी दोनच तऱ्हेची घरं समोर उरतात. एक शहराच्या आतलं: राजारामपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी अशा भागात दहा-बारा फ्लॅटची इमारत, खाली पार्किंग, एक लिफ्ट, गच्चीवर टाकी, बस्स. दुसरं कडेचं: पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडीच्या बाजूला मोठं गेट, सिक्युरिटी, क्लबहाऊस, जिम, पोहण्याचा तलाव, मुलांसाठी घसरगुंडी. लोक या दोघांची तुलना दर चौरस फुटावर करतात आणि नंतर भांडतात मात्र मेंटेनन्सवर, पार्किंगवर आणि वॉचमनच्या पगारावर. म्हणून इथं तुलना त्याच बाजूनं करतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इमारत लहान की मोठी यापेक्षा तिचा कागद कुठल्या कायद्याखाली आहे आणि हिशेब कोण ठेवतं, याचा फरक जास्त पडतो. ब्रोशरमध्ये तलावाचा फोटो पूर्ण पानभर असतो, पण हा कागद शोधूनही सापडत नाही.

सोसायटी आणि अपार्टमेंट

बोलताना आपण सगळ्यालाच ‘अपार्टमेंट’ म्हणतो, बोर्डावरही तेच असतं. पण कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्था 1960 च्या सहकार कायद्याखाली नोंदवली जाते. अपार्टमेंट हे 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली, म्हणजे बिल्डरनं केलेल्या घोषणापत्रावर (सगळे त्याला ‘डिक्लरेशन’च म्हणतात) उभं असतं. कोल्हापुरात हा दुसरा प्रकार भरपूर आहे.

सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते, तुम्ही सभासद होता, हातात भाग दाखला येतो. अपार्टमेंटमध्ये तुमच्या नावानं स्वतंत्र अपार्टमेंट डीड नोंदवलं जातं आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा (वाटणी न करता टक्केवारीत ठरलेला वाटा) थेट तुमचा होतो. ऐकायला दुसरं जास्त भक्कम वाटतं, आणि एका अर्थी आहेही. कितीतरी सोसायट्यांत लोक वर्षानुवर्षं राहतात, पण जमीन कागदावर अजून बिल्डरची किंवा मूळ मालकाचीच असते. मग मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर करून देत नसेल तरी जमीन संस्थेच्या नावावर करून घेणं) हेलपाटे सुरू होतात.

पण अपार्टमेंटची दुसरी बाजू त्या घोषणापत्रात असते. ते बिल्डर लिहितो, तुम्ही यायच्या आधी. गच्ची सामाईक की वरच्या फ्लॅटची, कुठली जागा ‘मर्यादित सामाईक’ म्हणून कुणाच्या वापराला बांधलेली, प्रत्येकाचा हिस्सा किती टक्के, उरलेला एफएसआय (त्या भूखंडावर अजून बांधता येईल तेवढं बांधकाम) कुणाचा, हे सगळं त्यातच ठरलेलं असतं. त्यासोबतच उपविधी, म्हणजे अपार्टमेंटचे अंतर्गत नियम, जोडलेले असतात. सोसायटीचे पोटनियम बहुतेक ठिकाणी सहकार खात्याच्या आदर्श पोटनियमांवरून घेतलेले असतात, त्यामुळं एका सोसायटीचे वाचले की दुसरीचे समजतात. घोषणापत्राचं तसं नाही, प्रत्येक वेगळं. दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं असतं, प्रत मागून घ्या आणि टोकन देण्याआधी निवांत वाचा. कंटाळवाणं असतं, पण वाचा.

पैसे कसे वाटले जातात

इथं दोघांत मोठा फरक आहे. सोसायटीत वॉचमन, झाडलोट, जिन्यातला दिवा, लिफ्ट असा सेवाखर्च सगळ्या फ्लॅटना सारखा वाटतात, फ्लॅट लहान असो की मोठा. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीनं वाटायचा असतो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त.

समजा बारा फ्लॅट आहेत, सहा 650 चौरस फुटांचे आणि सहा 1,300 चे, आणि महिन्याचा खर्च 36,000 रुपये. सोसायटी असेल तर प्रत्येकी 3,000. अपार्टमेंट असेल आणि हिस्सा क्षेत्रफळावर ठरवला असेल तर छोट्याला 2,000 आणि मोठ्याला 4,000. वन बीएचके घेणाऱ्याला अपार्टमेंट परवडतं आणि थ्री बीएचकेवाल्याला सोसायटी, हे इतकं सरळ आहे. तरी कितीतरी अपार्टमेंटमध्ये ‘चालत आलंय’ म्हणून सगळ्यांकडून सारखीच वर्गणी घेतात. पुण्यातल्या एका संकुलात याच मुद्द्यावर वाद उपनिबंधकांकडून सहकार न्यायालयात आणि तिथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. 2025 मध्ये न्यायालयानं हिश्श्याप्रमाणेच आकारणी हवी असं सांगितलं. तेव्हा मोठा फ्लॅट घेताय आणि आज सगळ्यांना सारखा मेंटेनन्स आहे, तर तो उद्याही तसाच राहील असं धरून बजेट करू नका.

थकबाकीचंही वेगळं आहे. सोसायटी थकलेल्या रकमेवर पोटनियमांनुसार वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकते आणि निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते, तो पुढं जप्तीपर्यंत नेता येतो. अपार्टमेंटच्या कमिटीला थकबाकीदाराकडून पैसे काढणं जास्त जिकिरीचं जातं, आणि बारा फ्लॅटमध्ये दोघांनी पैसे थांबवले तर लिफ्टचं सर्व्हिसिंग थांबतं. शिवाय जुना फ्लॅट घेणाऱ्यानं एक लक्षात ठेवावं: अपार्टमेंट कायद्यात आधीच्या मालकाच्या थकलेल्या सामाईक खर्चाला घेणाराही जबाबदार धरला जातो. खरेदीच्या आधी थकबाकी नसल्याचं पत्र घ्याच.

देखभालीचा फंड हा तिसरा मुद्दा. आदर्श पोटनियमांप्रमाणं सोसायटीनं बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड (पुढं मोठं काम निघालं तर लागणारी शिल्लक) आणि 0.75 टक्के दुरुस्ती फंड गोळा करायचा असतो. फ्लॅटचा बांधकाम खर्च 20 लाख धरला तर वर्षाला 5,000 आणि 15,000. हे ऐकून बरेच जण तोंड वाकडं करतात. छोट्या अपार्टमेंटमध्ये हा फंड सहसा नसतोच, म्हणून तिथला मेंटेनन्स स्वस्त दिसतो. मग गच्ची गळायला लागली की एकदम माणशी मोठी रक्कम काढावी लागते, मुलगा पुण्यात आणि फ्लॅटमध्ये फक्त आईवडील असलेल्या घरात तेव्हा खरी अडचण होते.

सुविधा: कोल्हापूरच्या पावसात

मोठ्या स्कीमची जाहिरात सुविधांवर चालते. त्यातल्या काही गोष्टी नियमानंच द्याव्या लागतात. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत 4,000 चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडात दहा टक्के मोकळी मनोरंजन जागा ठेवावीच लागते. पावसाचं पाणी साठवण्याची सोय 500 चौरस मीटरपासूनच. त्यामुळं ‘आमच्याकडं बाग आहे’ हे बिल्डरचं औदार्य नव्हे. क्लबहाऊस, जिम, तलाव हे मात्र खरंच जास्तीचं, आणि त्याचा खर्च तुम्हीच आयुष्यभर देणार आहात, पोहा न पोहा. फिल्टर, क्लोरिन, जीवरक्षक, पाणी. माझं मत विचाराल तर शंभरपेक्षा कमी फ्लॅटच्या स्कीममध्ये तलाव म्हणजे दाराशी बांधलेला हत्ती. जिम आणि लहान हॉल उपयोगी पडतात. बारशाला, साखरपुड्याला बाहेरचा हॉल शोधावा लागत नाही.

जी सुविधा बघायची ती पाण्याची. शहरात काळम्मावाडी धरणाच्या पाण्याची थेट पाईपलाईन 2023 च्या अखेरीला आली. हद्दीबाहेरच्या गावांत पाणी गावच्या योजनेचं, बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. महापालिका 1972 ची, पण हद्दवाढीचा वाद काही संपत आलेला नाही. 2017 मध्ये भोवतालच्या 42 गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण झालं, बांधकाम परवानगी तिथून, रस्ता-गटार मात्र ग्रामपंचायतीकडं. म्हणून कडेच्या स्कीममध्ये मार्च ते मे या तीन महिन्यांची टँकरची बिलं दाखवा म्हणावं. ती सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये धरलेली असतात की वेगळी मागतात, हेही विचारावं.

शहरातल्या घराला दुसरा प्रश्न. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळी अशा भागांत शिरलं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी हे इथं पोरांनाही पाठ आहे. त्या दोन्ही वर्षी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि गावभर पूर असून नळ कोरडे होते. तेव्हा अशा भागात इमारत बघताना विचारा: लिफ्टचं मशीन आणि जनरेटर कुठं आहेत, मीटरबोर्ड किती उंचीवर, जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं होतं का. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलेलं बिल्डरला विचारण्यापेक्षा बरं. बेसमेंट पार्किंग असेल तर मी तरी घेणार नाही.

नियम, जे रोज टोचतात

पार्किंग: खुली जागा किंवा स्टिल्टखालची (इमारतीच्या खांबांमधली) जागा सामाईक असते, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये ते स्पष्ट केलंय. छोट्या इमारतीत बारा फ्लॅट आणि सात गाड्यांची जागा असते, आणि वाटप ‘समजुतीनं’ झालेलं असतं. समजूत लेखी आहे का ते बघा. मोठ्या स्कीममध्ये जागा नंबर टाकून दिलेली असते, वाद पाहुण्यांच्या गाड्यांवरून होतो.

भाड्यानं देणार असाल, विद्यापीठाचे विद्यार्थी किंवा हॉस्पिटलमधले डॉक्टर ठेवणार असाल, तर सोसायटीत परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. बिगरभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, सेवाखर्चाच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, म्हणजे 3,000 वर फार तर 300. जवळच्या नात्यातलं माणूस राहत असेल तर तेही नाही. अपार्टमेंटमध्ये ही मर्यादा आपोआप लागू होत नाही, उपविधीत काय आहे ते चालतं.

कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालणारा ठराव टिकत नाही, पण जिना घाण झाला तर साफ करायचा तुम्हीच. गणपतीची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलात घुसडलेली असेल तर विचारायला लाजू नका. आणि रविवारी तांबड्या-पांढऱ्याचा वास येणार नाही अशी इमारत शोधणारेही लोक आहेत, त्यांना शुभेच्छा.

मग कुणी काय घ्यावं

सेवानिवृत्त जोडप्यानं, मुलं बाहेरगावी असतील तर, शहरातली छोटी इमारत घ्यावी, पण पूररेषेबाहेरची आणि फंड असलेली. दवाखाना, भाजी मंडई, देऊळ चालत जाता येतं, आणि शेजारी नावानं ओळखतात. शाळकरी मुलांच्या घराला कडेची स्कीम सोयीची, खेळायला गेटच्या आत जागा मिळते. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यानं सोसायटी बघावी, कारण तिथले शुल्काचे आकडे ठरलेले असतात.

जुनी इमारत असेल तर शेवटच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, वार्षिक सभेचं इतिवृत्त आणि थकबाकीदारांची यादी मागा. सेक्रेटरी ‘बघू, देतो’ म्हणून आठवडाभर टाळत असेल तर उत्तर मिळालंच. नवीन स्कीममध्ये रेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी बघून घ्या, आणि क्लबहाऊस, जिम, लिफ्ट कधी मिळणार याच्या तारखा करारनाम्यात आहेत का ते तपासा. निम्म्याहून जास्त फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत संस्था स्थापन व्हायला हवी आणि बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरची, हे त्याला माहीत असतं; तुम्हालाही माहीत आहे एवढं त्याला दिसू द्या. तलावाच्या पुढं तारीख लिहिलेली नसेल तर तलाव नाहीच असं धरा आणि दरावर त्या हिशेबानं बोलणी करा.