चार मोसंबी की एक केळं? घरचा रस आणि स्मूदी निवडताना

‘ज्यूसर घेऊ का गं?’ असं मला वर्षातून दोन-तीन जणी तरी विचारतात, कारण माझ्याकडे एक आहे. माळ्यावर आहे. दीड वर्ष तो ओट्यावर होता. त्याची जाळी घासायला दात घासायचा ब्रश लागतो आणि सकाळी साडेसातला तो ब्रश हातात घेणारं घरात कुणी उरलं नाही. त्यामुळे माझं उत्तर उलट्या प्रश्नाने सुरू होतं: तुमच्याकडे फळं कुठली येतात?

मोसंबी, संत्रं, डाळिंब, कलिंगड ही पाण्याची फळं. केळं, चिकू, आंबा, पपई, सीताफळ ही गराची. पहिल्यांचा रस काढावा, दुसरी मिक्सरमधून फिरवावीत. ही विभागणी उलटी केली की फसगत ठरलेली. केळ्याचा रस घरच्या यंत्रातून निघत नाही आणि बियांसकट फिरवलेली मोसंबी तोंडात धरवत नाही.

मोसंबीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. सालीच्या हिरव्या-पिवळ्या रंगावर जाऊ नका. आपल्याकडची रसाने भरलेली मोसंबीही बऱ्याचदा हिरवटच असते. एकाच आकाराची दोन फळं दोन हातांत घ्या आणि जड लागेल ते पिशवीत टाका. हलकं, जाड आणि खडबडीत सालीचं फळ म्हणजे आत कापूस. एका ग्लासाला मला चार मोसंबी लागतात, तेव्हा हे तोलणं परवडतं.

एकदा सातला रस काढून झाकून ठेवला. मुलगा नऊला उठून प्यायला आणि म्हणाला, ‘यात औषध घातलंयस का?’ औषध नव्हतं, लिमोनिन होतं. फळात असताना कडू न लागणारा एक घटक रस काढल्यावर त्याच्याच आंबटपणामुळे हळूहळू कडू लिमोनिनमध्ये बदलतो. बिया आणि पांढरे पापुद्रे चिरडले गेले की कडवटपणा आणखी वाढतो. फ्रिजमध्ये ठेवलात तरी तो येतोच, फक्त जरा उशिरा. म्हणून मोसंबीला मिक्सर नको, हाताने पिळायचं साधं यंत्र हवं, आणि रस काढला की लगेच प्यायचा.

डाळिंबाला मात्र मिक्सर चालतो, पण थांबत थांबत. दोन झटके दिले की दाणे फुटतात आणि बी शाबूत राहते. मग गाळणीत चमच्याने दाबायचं. बटण चालू ठेवून गप्पा मारत बसलात तर बी दळली जाते आणि रस तुरट होतो. दाणे सोडवायचे तर फळ पाण्याच्या पातेल्यात फोडा. दाणे तळाशी जातात, पापुद्रे वर तरंगतात आणि भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत.

आता गराची बाजू. स्मूदी हे नाव नवं असलं तरी शिकरण करणाऱ्या घरांना त्यात शिकण्यासारखं फारसं काही नाही. सालीवर काळे ठिपके पडलेलं केळं घ्या, ते जास्त गोड असतं आणि वरून साखर लागत नाही. जास्तीची केळी सोलून, चकत्या करून फ्रीझरमध्ये टाका. मग बर्फ घालावा लागत नाही आणि स्मूदी पाणचट होत नाही. चिकूच्या सालीवर नखाने हलकंच ओरखडा. खाली हिरवं दिसलं तर तो अजून कच्चा आहे, घशाला चिकटेल. भांड्यात आधी दूध किंवा दही, मग मऊ फळ आणि शेवटी गोठवलेलं, म्हणजे पातं अडत नाही.

दूध की दही, हा प्रश्न फळावर सोडा. आंबा, चिकू, केळ्याला दूध. आंबटसर स्ट्रॉबेरीला दही, कारण दूध फाटतं. पपई आणि अननसाला दोन्ही नको. पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलिन ही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, दुधातली प्रथिनं तोडतात. थोड्या वेळात ग्लास कडू होतो आणि आपण दुधाला दोष देतो. पपई संत्र्याच्या रसात किंवा शहाळ्याच्या पाण्यात फिरवा. अननस शिजवून घेतला तर दही चालतं, उष्णतेने ते विकर निकामी होतं.

स्ट्रॉबेरी-केळं ही लोकप्रिय जोडी मी मात्र बंद केली. 2023 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केळ्याच्या स्मूदीबरोबर फ्लॅव्हनॉल, म्हणजे स्ट्रॉबेरीसारख्या फळांत असणारे उपयुक्त घटक, घेतले तर त्यांचं शरीरात पोचणारं प्रमाण 84 टक्क्यांनी घटलं. कापलेलं केळं ज्या विकरामुळे काळं पडतं, तेच ही करामत करतं. केळं वाईट ठरत नाही. पण महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला महागाचे पैसे मोजायचे आणि बरोबर केळं घालायचं, हे मला पटेना. आता तिच्यात दही जातं.

आरोग्याच्या पारड्यात कोण जड? चोथा पोटात जातो म्हणून स्मूदी पुढे, पण लोक समजतात तितकी नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने रस आणि स्मूदी दोन्ही मिळून दिवसाला 150 मिलीचीच मर्यादा सांगितली आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वंही रसापेक्षा अख्खं फळ खा, असंच म्हणतात. उसाच्या रसात 100 मिलीला 13 ते 15 ग्रॅम साखर असते, असा इशाराही त्यांत आहे. वरून मध किंवा खजूर घालून ‘साखर नाही हो यात’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

भाज्यांच्या रसात एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. दुधी कापल्यावर त्याचा छोटा तुकडा जिभेवर ठेवा. कडू लागला तर अख्खा दुधी कचऱ्यात. रस काढून, आलं-लिंबू घालून तो कडवटपणा झाकू नका, गटकन पिऊ नका. कडू दुधीतल्या कुकुरबिटासिनमुळे उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झालेले आहेत. आपल्याकडे ‘कडू तेवढं गुणकारी’ असा समज आहे, दुधीच्या बाबतीत तो जिवावर बेततो. आणि मुतखडा होऊन गेलेल्यांनी रोजच्या कच्च्या पालकाच्या हिरव्या ग्लासाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं, पालकात ऑक्झलेट भरपूर असतं.

राहिलं यंत्र. मोसंबी-संत्र्याच्या घराला हातयंत्र, केळं-चिकूच्या घराला आहे तोच मिक्सर. आवळासुद्धा बी काढून, आल्याच्या तुकड्याबरोबर थोड्या पाण्यात फिरवून फडक्याने पिळला की काम होतं. गाजर-बीट रोज आणि चार माणसांसाठी काढणार असाल, शिवाय उरलेला चोथा थालीपिठात घालायची तयारी असेल, तरच ज्यूसर घ्या. माझा हवा असेल तर सांगा, ब्रशसकट देते.