नव्या म्हणून विकलेल्या जुन्या ब्रेक डिस्क

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या गाडीच्या पुढच्या चाकांसाठी ज्या दोन ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या तबकड्या, मी नव्या म्हणून विकत घेतल्या, त्या माझ्याच गाडीच्या जुन्या डिस्क होत्या. लेथवर घासून आणि मधल्या भागाला चंदेरी रंग मारून त्या परत बसवल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर टाकलेले ब्रेक पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवणारे तुकडे, बनावट होते. हे मला कुंभार्ली घाटात, आई आणि पत्नी गाडीत असताना कळले.

मी कराडला राहतो. गाडी साधी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली आहे. तेव्हा ती 62,000 किलोमीटर चालली होती. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून बारीक, कर्कश आवाज येऊ लागला होता. अनेक पॅडना एक लहान लोखंडी पट्टी जोडलेली असते, पॅड झिजत आला की ती डिस्कला घासते आणि तो आवाज म्हणजेच पॅड बदलण्याची सूचना असते, एवढे मला माहीत होते. गॅरेजवाल्याने चाक उतरवले आणि डिस्कच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितले. पॅड जिथे पोहोचत नाही तिथे उरलेला उंचवटा बोटाला स्पष्ट लागत होता. “साहेब, डिस्क गेल्यात. नुसते पॅड टाकले तर महिन्याभरात परत याल,” असे तो म्हणाला. त्याचे हे निदान खरे होते, आणि ते खरे होते म्हणूनच पुढचे सगळे मी न तपासता मान्य केले.

संध्याकाळी गाडी आणायला गेलो तेव्हा चाके बसवलेली होती. पॅडचा रिकामा खोका मला दाखवण्यात आला. त्यावर नामांकित कंपनीचे नाव आणि चमकणारे लेबल होते. चाकाच्या फटींतून डिस्क लखलखीत दिसत होत्या. जुने पार्ट मागितले तेव्हा भंगारवाला आत्ताच घेऊन गेला, असे उत्तर मिळाले आणि मी ते ऐकून घेतले. डिस्कचे 4,200, पॅडचे 1,850 आणि मजुरीचे 800 असे 6,850 रुपये मी रोख दिले. बिल म्हणून मिळालेल्या कागदावर “डिस्क 2 नग, पॅड 1 सेट” एवढेच हाताने लिहिलेले होते. त्यावर ना जीएसटी क्रमांक होता, ना पार्ट नंबर.

गावातल्या गावात गाडी तीन आठवडे बरी चालली. बनावट पॅड थंड असताना पुष्कळदा ठीक ब्रेक लावतात, त्यामुळे शहरातल्या चाळीसच्या वेगात त्यांचा दोष दिसत नाही. नंतर आम्ही चिपळूणला निघालो. हेळवाक मागे टाकून घाट उतरू लागल्यावर चार-पाच वळणांत स्टिअरिंग थरथरू लागले. मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकवर उतरवत होतो, ही माझी चूक होती आणि ती मी लपवत नाही. परंतु याच घाटातून याच गाडीने मी पूर्वी असाच अनेकदा उतरलो होतो. “अरे, काहीतरी जळतंय,” असे आई मागून म्हणाली. पुढच्या वळणावर मी ब्रेक दाबला तेव्हा पेडल पायाखाली दगडासारखे कडक होते आणि गाडीचा वेग मात्र कमी होत नव्हता. दुसरा आणि मग पहिला गिअर टाकून, हँडब्रेक थोडाथोडा ओढत, डोंगराच्या बाजूच्या गटारात डावे चाक घालून मी गाडी थांबवली. चाकांतून धूर येत होता. तासभर थांबून, मग पहिल्या गिअरमध्ये, आम्ही पोफळीला उतरलो.

चिपळूणच्या मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारला तो पेडलविषयी: “दादा, पेडल खाली गेलं होतं का कडकच होतं?” ब्रेक ऑइल उकळले असते तर पेडल मऊ होऊन खाली गेले असते, ते कडक राहूनही गाडी थांबत नाही, याचा अर्थ पॅडच्या मसाल्याने, म्हणजे डिस्कला घासणाऱ्या थराने, उष्णतेत पकड सोडली आहे, असे त्याने समजावले. चाक काढल्यावर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला दिसला, आणि उजवीकडच्या आतल्या पॅडचा मसाला एका कोपऱ्यात मागच्या लोखंडी पत्र्यापासून सुटला होता. त्या पत्र्यावर कंपनीची खूण नव्हती, बॅच क्रमांक नव्हता आणि घर्षणाची दोन अक्षरेही नव्हती. ही दोन अक्षरे प्रत्येकाने समजून घ्यावीत. पहिले अक्षर थंड असतानाची पकड सांगते आणि दुसरे तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45 आणि ‘जी’ म्हणजे 0.45 ते 0.55 इतका घर्षणांक. साध्या गाडीला ‘एफएफ’ पुष्कळ झाले. ही अक्षरे बनावट पॅडवरही छापता येतात, त्यामुळे ती असणे हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. परंतु नामांकित कंपनीच्या खोक्यातून निघालेला पॅड पूर्ण कोरा असेल तर तो बसवू देऊ नये.

मग त्याने मायक्रोमीटर आणून डिस्कची जाडी मोजली. बहुतेक डिस्कवर, कडेला किंवा मधल्या टोपीसारख्या भागावर, किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. माझ्या डिस्कवर तो रंगाखाली दडला होता. त्याने कापडाने रंग पुसून काढला तेव्हा 15 मिलिमीटर असा आकडा दिसला. प्रत्यक्ष माप एकीकडे 14.1 आणि दुसरीकडे 14.2 भरले. रंगाखाली जुना गंज होता, आणि घासलेल्या पृष्ठभागावर लेथच्या हत्याराची एकाच दिशेने गोल गोल फिरत गेलेली बारीक रेघ नखाला लागत होती. नवी डिस्क खोक्यातून निघते तेव्हा तिच्यावर गंज न चढण्यासाठी तेलाचा हात किंवा लेप असतो आणि तेल असेल तर ते पुसूनच ती बसवावी लागते. मी ते तेल पाहिले नव्हते, कारण डिस्क बसवताना मी तिथे नव्हतोच.

लेथवर डिस्क घासून घेणे हे स्वतः वाईट काम नाही. डिस्कमध्ये पुरेशी जाडी शिल्लक असेल, घासल्यानंतरही ती किमान आकड्याच्या वर राहत असेल आणि गिऱ्हाइकाला तसे सांगून घासाईचेच पैसे घेतले असतील, तर त्यात लबाडी नाही. परंतु किमान जाडीच्या खाली गेलेली डिस्क बसवणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ आहे. गाडी थांबवताना तिच्या गतीतील सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. ही उष्णता सर्वांत आधी डिस्कचे बीड शोषून घेते. बीडच कमी असेल तर तापमान भराभर वाढते, पॅड करपतो आणि डिस्कला तडा जाण्याचीही भीती असते. घाटात तर ब्रेकला थंड व्हायला मध्ये उसंत मिळत नाही.

परत आल्यावर मी पॅड, डिस्क आणि रिकामा खोका घेऊन त्या गॅरेजमध्ये गेलो. मालकाने आवाज चढवला नाही. “चिपळूणवाल्यानं तुमच्या नव्या डिस्क काढून घेतल्या नसतील कशावरून?” एवढेच त्याने शांतपणे विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. जुन्या डिस्कचा फोटो मी काढला नव्हता, नव्याचे खोके पाहिले नव्हते आणि बिलावर पार्ट नंबर नव्हता. खोक्यावरही महिना-वर्ष आणि ग्राहक संपर्काचा तपशील नव्हता. 2011 च्या वैधमापन नियमांप्रमाणे बंद खोक्यातील मालावर तो असावाच लागतो, आणि हे मी तीन आठवडे आधी दोन मिनिटांत तपासू शकलो असतो.

तरीही मी गप्प बसलो नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली आणि मालकाला लेखी नोटीस पाठवली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क भरावे लागत नाही, हे नोटिशीत स्पष्ट लिहिले. दहा दिवसांनी डिस्कचे 4,200 रुपये परत आले. पॅडचे आले नाहीत आणि चूक झाली असे शेवटपर्यंत कोणी म्हटले नाही.

आता बसवलेले पॅड आणि डिस्क मी स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर घेतले. गाडीच्या कंपनीचाच पार्ट हवा असा माझा हट्ट नाही. राणे किंवा ब्रेक्स इंडियासारखे उत्पादक वाहन कंपन्यांनाही माल पुरवतात आणि त्यांचा अस्सल माल अधिकृत विक्रेत्याकडे मिळतो. भोके किंवा खाचा पाडलेल्या महागड्या डिस्क रोजच्या गाडीला लागत नाहीत. पार्ट नंबर गाडीच्या चॅसिस क्रमांकावरून काढून घेतला, दोन्ही चाकांचे पॅड आणि डिस्क एकत्रच बदलले, काम सुरू होण्याआधी जुन्या डिस्कवर मार्करने खूण करून फोटो काढले, आणि त्या जुन्या डिस्क डिकीत ठेवल्याशिवाय पैसे दिले नाहीत. पहिले 300 किलोमीटर जोराचा ब्रेक टाळला, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसतात.

हे सर्व मी आमच्या सोसायटीत सांगितले, तेव्हा त्याच गॅरेजमध्ये डिस्क बदललेल्या दोघांनी आपल्या गाड्या मोजून घेतल्या. एकाच्या डिस्क खरोखरच नव्या निघाल्या. दुसऱ्याच्या 14.4 भरल्या, किमान आकडा त्याच्याही डिस्कवर 15 च होता, आणि तो त्या गाडीने सहा महिने रोज दोन मुलांना शाळेत सोडत होता.