१९६६ ची सहा सिलिंडरवाली मस्टँग: चौदा महिन्यांनंतर

गाडी घेऊन चौदा महिने झाले, त्यातले पहिले सात ती जॅकस्टँडवर, म्हणजे चाकं उचललेलीच उभी होती, त्यामुळे याला वापर म्हणायचं का हा प्रश्नच आहे, पण लिहितो. डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग, हार्डटॉप, २०० क्युबिक इंचाचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. साडेअकरा हजार डॉलरला घेतली आणि वर आठेक हजार घातले, त्यात माझी मजुरी शून्य धरलीये.

चेसिस नंबर ६एफ०७टी ने सुरू होतो, म्हणजे सहासष्टची, डिअरबॉर्नला बनलेली, हार्डटॉप आणि शेवटचा टी म्हणजे सिक्स. तो टी बघितला की व्ही-एटवाले, म्हणजे आठ सिलिंडरवाले, "अच्छा, सिक्स आहे का" म्हणून पुढच्या गाडीकडे निघून जातात. नंबर न बघताही कळतं म्हणा, चाकाला चारच नट असतात, व्ही-एटला पाच. जाऊ देत. कागदावर १२० हॉर्सपॉवर, हायवेवर पासष्टच्या पुढे गाडी कण्हायला लागते, पण बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना अख्खा हात कोपरापर्यंत जातो आणि तक्रार करण्यासारखं या इंजिनात फारसं काही नाही.

एकच गोष्ट मला तीन महिने छळत होती. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी एक आचका खाऊन मग पळायची. प्लग, पॉइंट, कंडेन्सर सगळं बदललं, फरक शून्य. शेवटी कळलं की सहासष्टच्या सिक्सच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटतो तो) फिरणारी वजनंच नसतात, ठिणगीचं टायमिंग पुढे सरकतं ते फक्त कार्ब्युरेटरकडून येणाऱ्या व्हॅक्यूमवर, आणि त्यासाठी मूळच्या ऑटोलाइट ११०० कार्ब्युरेटरला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. आधीच्या मालकाने दिसायला तसाच पण तो व्हॉल्व्ह नसलेला कार्ब्युरेटर बसवला होता. म्हणजे दोघंही आपापल्या जागी ठणठणीत, फक्त एकमेकांशी बोलणं बंद. जुना जोडीचा कार्ब्युरेटर शोधला, दुरुस्तीचं किट टाकून बसवला, आचका गेला.

पण या गाडीचा खरा वैरी पेट्रोल नाही, पाणी. घ्यायला गेलो तेव्हा मी इंजिन ऐकत बसलो आणि कारपेट उचलून बघितलं नाही, हा माझा गाढवपणा. घरी आणून उचललं तर खाली डांबर फासलेला पत्रा, पॉप रिव्हेटने ठोकलेला, आणि त्याखाली सरळ गॅरेजची फरशी दिसत होती. नवीन फ्लोअर पॅन, म्हणजे तळाचे पत्रे, मिळतात (या गाडीचं सगळंच नवीन मिळतं, एका वर्षात सहा लाखांवर विकल्या गेलेल्या, अख्खी बॉडीसुद्धा नवी कोरी मिळते), ते एका वेल्डरकडून लावून घेतले, खूश झालो, आणि पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या बाजूला परत तळं.

तेव्हा बाबा आलेले होते, रत्नागिरीहून, पाच महिन्यांसाठी. मी दरवाजाचं रबर, काचेचं रबर असं एकेक बदलत होतो आणि ते खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, "अरे, कौलारू घरात पाणी गळतं तिथे कधी शिरत नाही. वर बघ." मग ते स्वतः टॉर्च घेऊन आत शिरले, डॅशखाली डोकं घालून आडवे झाले, आणि मला पुढच्या काचेखालच्या जाळीत पाइपने पाणी सोडायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात आतून ओरडले, "बंद कर, कानात गेलं!"

झालं असं की त्या जाळीखाली एक बंद पन्हळ असते, तिच्यात हवा आत यायला दोन भोकं आणि भोकांभोवती पत्र्याची उभी कड, पाणी आत येऊ नये म्हणून. पानं-कचरा साठून ओल राहते आणि साठ वर्षांत ती कड गंजून जाते. नीट करायचं तर अख्खी पन्हळ स्पॉट वेल्ड फोडून उघडावी लागते. तेवढी हिंमत झाली नाही, मी आतून फायबरग्लास आणि प्लॅस्टिकच्या टोप्या लावल्यात. जुगाड आहे, मान्य.

ब्रेकबद्दल मात्र जुगाड नको. सहासष्टपर्यंत मास्टर सिलिंडरला (पेडलचा दाब चाकांकडे पाठवतो तो) एकच खण, कुठल्याही एका चाकाला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक गायब. माझा पेडल स्टॉप साइनजवळ गपकन तळाला गेला, डॅशखालचा हँडब्रेक खेचून थांबलो, पाय नंतर अर्धा तास थरथरत होते. दुसऱ्याच दिवशी दोन खणांचा मास्टर सिलिंडर मागवला, पाइप आणि चाकांचे सिलिंडरही बदलले. ड्रम ब्रेक तेच ठेवलेत, पुरतात, फक्त पुढच्या गाडीपासून लांब राहायचं. आणि हो, डिकीची जमीन म्हणजे पेट्रोल टाकीचीच वरची बाजू आहे, वर नुसती मॅट. बायको त्यात भाजी ठेवू देत नाही, बरोबरच आहे तिचं.

नंबरप्लेट हिस्टॉरिक, म्हणजे जुन्या गाड्यांसाठीची, घेतली. एरवी प्रदर्शन, परेड असल्या कारणांनीच काढायची, पण मिशिगनमध्ये ऑगस्टभर रोज चालवली तरी चालते, त्यामुळे मी ऑगस्टमध्ये ऑफिसला हीच नेली. वुडवर्ड रस्त्यावरच्या ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मेळाव्यालाही नेली, तासाभरात चार मैल सरकलो, इंजिन तापलं नाही, मीच तापलो.

नवीन रबरं मात्र जपून घ्या, माझ्या पहिल्या सेटने दरवाजाच लागेना, दुसरा घ्यावा लागला.

बाबा परत गेलेत. इथे पाऊस आहे असं कळलं की फोनवर आधी गाडी, मग नातवंडं. ड्रायव्हरची बाजू कोरडी आहे. उजवीकडे हीटरच्या खाली जोराच्या पावसात अजून एक थेंब येतो, त्यामुळे नवीन कारपेट बेसमेंटमध्ये गुंडाळून ठेवलंय आणि त्या थेंबाखाली सध्या श्रीखंडाचा रिकामा डबा आहे.